साधा टॅबलेट की वरच्या वर्गातला? एका मुद्रितशोधक बाईंच्या निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मुद्रितशोधक बाईंचे आहे. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर त्या घरी बसून, पानाच्या दराने, पुस्तकांची प्रुफे तपासतात. मी ज्या प्रकाशनासाठी निर्मितीचे काम पाहतो, तिथली बरीचशी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जातात आणि आम्ही सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणतो. इथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांची, प्रकाशनाची आणि पुस्तकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कामाचे स्वरूप आणि निर्णयांचा क्रम तेवढा घडला तसा आहे.

बाईंच्या कामाचे मुख्य प्रकार दोन. पहिला नव्या पुस्तकांचा. ही प्रुफे बहुधा डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. मजकूर वाचायचा, चुका दाखवायच्या, पान परत करायचे. दुसरा प्रकार जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचा, आणि खरे कष्ट त्यात आहेत. मूळ पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत एका बाजूला आणि नवी अक्षरजुळणी दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीला ओळ ताडून पाहावी लागते, कारण जुळणी करताना एखादी ओळ गळाली तर उरलेला मजकूर निर्दोष असूनही पुस्तक चुकीचे ठरते. याशिवाय अधूनमधून ए-फोर आकाराची, दोन स्तंभांची, १० पॉइंट आकाराच्या बारीक अक्षरांत जुळवलेली पाने येतात.

पूर्वी हे सगळे कागदावर होत असे. पुढे प्रुफे पीडीएफ स्वरूपात जाऊ लागली, तेव्हा बाईंनी मधला मार्ग काढला: घरी छपाई करायची, लाल पेनाने खुणा करायच्या, पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि पाठवायचे. हा मार्ग अक्षरजुळणीकाराला फार जड गेला. फोटोत दिसतो तो ठिपका अनुस्वार आहे, पेनाचा शिंतोडा आहे की कागदातला डाग, हे विचारायला तो दिवसातून तीन-चार वेळा फोन करत असे. बाईंकडे एक जुना लॅपटॉप होता, पण उभ्या पडद्यावर तासन्‌तास वाचणे त्यांना मानवत नव्हते, आणि माउसने काकपद (सुटलेला मजकूर घालायची ‘^’ खूण) काढणे म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, ‘चिमट्याने भात खाणे’ होते.

टॅबलेट घ्यायचा हे त्यामुळे लवकर ठरले. कोणता घ्यायचा, यावर मात्र दीड महिना गेला.

अडचण

बाईंचा स्वतःचा कल सर्वांत साध्या टॅबलेटकडे होता. “मला काय त्यावर सिनेमा काढायचाय? वाचायचं आणि खुणा करायच्या,” असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या भाच्याचे मत नेमके उलट होते. तो स्वतः तेरा इंची, सर्वांत वरच्या वर्गातला टॅबलेट वापरत असे आणि मावशीलाही तोच घ्यायला सांगत होता. “मावशी, घेतेच आहेस तर वरचाच घे. पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको,” हा त्याचा मुद्दा. पेन आणि कव्हर धरून भाच्याच्या पर्यायाची किंमत बाईंच्या पर्यायाच्या जवळजवळ सहापट होत होती. खर्च बाईंच्या खिशातून होणार होता आणि पानाच्या दराने मिळणाऱ्या पैशांतून तो भरून निघायला किती महिने लागतील, याचा हिशेब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवला होता. नेमक्या रकमा इथे देत नाही. त्या लवकर शिळ्या होतात.

दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड होते. बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगाल तो घेते.” मी लगेच उत्तर दिले नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट बहुधा तीच असावी, कारण पुढे माझा पहिला तर्कही साफ चुकला.

साधा आणि ताकदीचा ही विभागणी मुळात विक्रेत्याची आहे, हे इथे नोंदवले पाहिजे. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा निवड फक्त साठवणक्षमता आणि मोबाइल जोडणी एवढ्यापुरती होती. आतला प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) सर्वांना सारखीच. २०१५ मध्ये पेन्सिलसह आयपॅड प्रो आला आणि तिथून शिडी उभी राहिली. सॅमसंगच्या बाजूला ‘ए’ आणि ‘एस’ या मालिकांनी तीच शिडी दिसते. शिडीच्या पायऱ्या चढताना प्रोसेसर, रॅम, पडदा, पेन, कॅमेरा आणि आकार हे सारे एकत्र चढवलेले असते, त्यामुळे आपल्याला हवी असलेली एकच गोष्ट वर असली तरी बाकीच्या पाच गोष्टींचे पैसे भरावे लागतात. बाईंच्या कामाला नेमकी कोणती गोष्ट हवी आहे, हे आमच्यापैकी कोणीच तोवर विचारलेले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय: अकरा इंची साधा टॅबलेट, १६:१० प्रमाणाचा (पडद्याची लांबी १६ तर रुंदी १०), १९२० बाय १२०० पिक्सेलांचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मेमरी कार्डाची सोय. याला स्वतःचा पेन नव्हता. रबरी टोकाचा साधा पेन चालत असे, जो पडद्याच्या दृष्टीने बोटच असतो.

दुसरा पर्याय: भाच्याकडचा. तेरा इंची, ४:३ प्रमाणाचा, भरपूर रॅम, १२० हर्ट्झचा पडदा आणि दाब व कल दोन्ही ओळखणारा पेन.

तिसरा पर्याय सुरुवातीला यादीत नव्हता. आमच्या अक्षरजुळणीकाराकडे साध्याच वर्गातला, पण स्वतःचा पेन चालणारा टॅबलेट होता, आणि मुखपृष्ठे करणाऱ्या चित्रकार बाईंकडे मधल्या वर्गातला, अकरा इंची, ४:३ प्रमाणाचा, ८ जीबी रॅमचा. हे दोन्ही आम्ही नंतर मागून आणले. काहीच न घेता छपाई-फोटोचा क्रम चालू ठेवणे हा चौथा पर्यायही बाईंनी एकदा मांडला. त्यावर अक्षरजुळणीकाराने काहीही न बोलता फक्त हात जोडले.

पेनाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक लोक टॅबलेट आधी ठरवतात आणि पेन ‘नंतर बघू’ म्हणतात. कोणताही पेन कोणत्याही टॅबलेटवर चालत नाही. ऍपलच्या पेन्सिलींच्या एकाहून अधिक पिढ्या आहेत आणि कोणती पेन्सिल कोणत्या आयपॅडवर चालेल हे मॉडेलनुसार ठरलेले आहे. त्यातली २०२३ साली आलेली यूएसबी-सी पेन्सिल तर दाब ओळखतच नाही. सॅमसंगचा एस पेन वॅकॉम या कंपनीच्या तंत्रावर चालतो आणि लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही, कारण पडद्याखालच्या जाळीतून त्याला ऊर्जा मिळते. चित्रकाराला दाब न ओळखणारा पेन म्हणजे मोठी उणीव, पण मुद्रितशोधकाला तिने काही बिघडत नाही: काकपद जाड आले काय आणि बारीक आले काय, अर्थ तोच. बाईंना पेनाकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. टोक बारीक असावे, आणि तळहात पडद्यावर टेकवला तरी पान सरकू नये.

माझा पहिला तर्क आणि तो कसा चुकला

मी पट्टी घेऊन बसलो. अकरा इंची १६:१० पडदा उभा धरला की त्याची रुंदी सुमारे १४.८ सेंटीमीटर भरते. ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद असल्यामुळे ते पूर्ण दिसायचे तर सत्तर टक्क्यांवर येते आणि १० पॉइंटांचा मजकूर ७ पॉइंटांचा होतो. या पडद्यावर इंचाला साधारण २०६ पिक्सेल असतात. म्हणजे ७ पॉइंटांच्या अक्षराला उंचीत जेमतेम २० पिक्सेल मिळतात आणि त्यातल्या अनुस्वाराच्या वाट्याला दोन किंवा तीन. ‘मंद’ आणि ‘मद’ यांच्यातला फरक दोन पिक्सेलांवर सोडणे मला धोक्याचे वाटले. साधा टॅबलेट बाद, असा निर्णय मी मनात करून टाकला आणि मोठ्या ऐटीत बाईंना हे गणित समजावून सांगितले.

बाईंनी ते शांतपणे ऐकले, समोरचा टॅबलेट उचलला आणि आडवा केला. “अहो, आडवा धरला की!” आडव्या पडद्याची रुंदी २३.७ सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर पानापेक्षाही जास्त. पान एका वेळी अर्धेच दिसते, पण अक्षर मूळ आकाराहून मोठे दिसते, आणि दोन स्तंभांचे पान वाचताना वरचा अर्धा भाग, मग खालचा, असे जाणे त्यांना मुळीच अडचणीचे वाटले नाही. डेमी आकाराचे पान तर उभ्या पडद्यावरही पूर्ण आकारात मावत होते. माझे आकडे बरोबर होते. मी फक्त पान पूर्ण दिसलेच पाहिजे हे गृहीत धरले होते, आणि वाचणारे माणूस तसे वाचत नाही.

नव्या पुस्तकांच्या प्रुफांपुरता साधा टॅबलेट पुरेसा आहे, हे त्या दुपारी मान्य करावे लागले. बाईंचे काम तेवढेच असते तर हे प्रकरण इथेच संपले असते.

चाचणी: सर्वांत जड फाइल

पुढचा निर्णय असा केला की कोणताही टॅबलेट तपासायचा तो बाईंच्या सर्वांत त्रासदायक फाइलवर. दुकानात टॅबलेट हातात दिला जातो तेव्हा त्यावर सुंदर चित्रे सरकत असतात. त्यावरून काहीही कळत नाही. आम्ही निवडलेली फाइल म्हणजे चारशेहून जास्त पानांच्या एका जुन्या पुस्तकाचे रंगीत स्कॅन, इंचाला ६०० ठिपक्यांचे. या घनतेला डेमी आकाराचे एक पान ३३०० बाय ५१०० पिक्सेलांचे होते. फाइलमध्ये ते दाबून बसवलेले असते, पण पूर्ण तपशिलात उलगडले तर दर पिक्सेलला ४ बाइट धरून एका पानाला स्मृतीत सुमारे ६७ एमबी जागा लागते. पाने उलटताना मागची-पुढची चार-पाच पाने तयार ठेवायची तर आकडा तीनशे एमबीच्या पुढे जातो. रॅमचा प्रश्न कुठे येतो ते इथे दिसते. पीडीएफ वाचणे हे हलके काम आहे, ही समजूत साध्या मजकुराच्या पीडीएफपुरतीच खरी आहे.

प्रत्येक टॅबलेटवर बाईंनी एक तास काम करायचे ठरले: पडदा दुभागून डावीकडे स्कॅन, उजवीकडे नवी जुळणी, वीस पाने ताडायची, मध्येच तिसाव्या पानावरून तीनशे दहाव्यावर उडी मारायची, मध्येच ई-मेल उघडून परत यायचे. मी शेजारी बसून फक्त नोंदी घेणार होतो आणि सुचवायचे काही नाही, हे मीच स्वतःला घातलेले बंधन होते.

साध्या टॅबलेटवर पहिली दहा पाने बरी गेली. मग डावीकडचे पान दर वेळी आधी धुरकट यायचे आणि दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट व्हायचे. दोन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण ओळीला ओळ ताडणाऱ्या माणसाचा दुवा तेवढ्यात तुटतो. बाई प्रत्येक वेळी मागच्या ओळीवर जाऊन पुन्हा सुरुवात करत होत्या. ई-मेल पाहून परत आल्यावर तर स्कॅन पहिल्या पानावर उघडले, कारण रॅम अपुरी पडल्याने टॅबलेटच्या प्रणालीने तो वाचक-कार्यक्रम (पीडीएफ वाचण्याचे ऍप) मधल्या काळात बंद करून टाकला होता. पेनाचा अनुभव त्याहून वाईट. रबरी टोकाखाली जवळजवळ पूर्ण अक्षर झाकले जाते, त्यामुळे रफार नेमका कोणत्या अक्षरावरचा काढायचा हे दाखवताना खूण शेजारच्या अक्षरावर पडत होती. शिवाय तळहात टेकला की पान सरके. पंधरा मिनिटांनी बाई मनगट हवेत धरून लिहू लागल्या, आणि हे मला कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून गेले.

अक्षरजुळणीकाराच्या टॅबलेटवर पेन बारीक होता, हातही टेकवता येत होता. मात्र त्या पडद्यात काच आणि चित्रपटल (चित्र उमटते तो थर) यांच्यामध्ये हवेची बारीक फट होती, जशी साध्या वर्गातल्या बऱ्याच टॅबलेटांत असते. फट मिलिमीटरभराचीही नसेल, पण तिरप्या नजरेने पाहिले की पेनाचे टोक एका ठिकाणी आणि रेघ किंचित बाजूला दिसते. बाई मान तिरकी ठेवून लिहितात, कागदावरही तशाच लिहितात. त्यामुळे वेलांटीवर काढलेला गोल वरच्या ओळीच्या उकाराला चिकटू लागला. अक्षरजुळणीकाराचे म्हणणे, आठवड्याभरात हाताला सवय होते. ते खरेही असेल. आम्हाला ते तपासायला आठवडा नव्हता.

भाच्याच्या टॅबलेटवर या तक्रारींपैकी एकही उरली नाही. पाने कागदासारखी उलटत होती, पेनाची रेघ टोकातूनच निघत होती. १२० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर ८.३ मिलिसेकंदांनी नवे होते, ६० हर्ट्झच्या पडद्यावर १६.७ मिलिसेकंदांनी, पेनामागे रेघ किती लगटून धावते यात हा फरक दिसतो आणि बाईंनाही तो जाणवला. “छान वाटतं,” त्या म्हणाल्या, “पण खूण तर तीच होते ना?” चाळीस मिनिटांनी त्यांनी टॅबलेट मांडीवर ठेवला आणि डावा अंगठा दाबत बसल्या. तेरा इंची वर्गातले टॅबलेट नुसते ५८० ते ६८० ग्रॅमच्या आसपास असतात, वर कव्हराचे वजन वेगळे. अकरा इंची साधारण ४६० ते ५०० ग्रॅमचे. बाई नव्या पुस्तकाची प्रुफे खुर्चीत रेलून, एका हातात धरून वाचतात. अंगठ्याच्या मुळाशी त्यांना आधीपासूनच दुखत होते.

मधल्या वर्गातल्या टॅबलेटवर पाने अडली नाहीत, फट नव्हती, हात टेकत होता. याच चाचणीत एक गोष्ट लक्षात आली जी आमच्यापैकी कोणाच्याच यादीत नव्हती, ती म्हणजे पडद्याचे प्रमाण. पडदा दुभागला की १६:१० टॅबलेटवर प्रत्येक अर्ध्याला सुमारे ११.८ सेंटीमीटर रुंदी आणि १४.८ सेंटीमीटर उंची मिळते. डेमी पान त्या रुंदीत बसवले तर त्याची उंची १८ सेंटीमीटरांच्या वर जाते, म्हणजे प्रत्येक पान दोन्ही बाजूंना वेगवेगळे सरकवावे लागते. ४:३ पडद्यावर रुंदी थोडी कमी, ११.२ सेंटीमीटर, पण उंची १६.८ मिळते आणि पानाची उंची १७.३ होते. शीर्षओळ आणि पृष्ठांक सोडले तर पान एका नजरेत मावते. दोन्ही बाजू सारख्याच अंतराने सरकवत राहणे हा या कामातला सर्वांत थकवणारा भाग आहे, असे बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवले. त्यांनाही तो वेगळा काढून दाखवता येत नव्हता, जोवर तो नाहीसा झाला नाही तोवर.

निर्णय आणि कृती

मधल्या वर्गातला अकरा इंची टॅबलेट घ्यायचे ठरले. साध्या पर्यायाच्या तुलनेत पेनासह तिप्पट खर्च, भाच्याच्या पर्यायाच्या निम्मा. साठवण १२८ जीबीच पुरेशी मानली. एवढ्या जड फाइली वीस असल्या तरी पंधरा-वीस जीबीच्या पुढे जात नाहीत, आणि काम संपल्यावर त्या ठेवायचे कारण नसते. मोबाइल जोडणी घेतली नाही.

भाच्याचे टिकाऊपणाचे म्हणणे मात्र निर्णयात धरले. ४ जीबी रॅमचा टॅबलेट आजच अडखळत होता. दोन-तीन वर्षांनी प्रणाली आणि वाचक-कार्यक्रम दोन्ही जड होणार हे उघड आहे. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या थांबल्या की उपकरण चालत राहते, पण नवे कार्यक्रम त्यावर बसत नाहीत. २०१० चा पहिला आयपॅड पुढच्याच वर्षी आलेल्या आयओएस ५ वर थांबला तो कायमचा. भाच्याचा मुद्दा योग्य होता, फक्त त्यासाठी शिडीच्या टोकापर्यंत जाण्याची गरज नव्हती.

परिणाम

पहिला महिना चांगला गेला नाही, आणि त्याचा टॅबलेटच्या ताकदीशी काडीचाही संबंध नव्हता.

टॅबलेट आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी कुणाच्या तरी सल्ल्याने त्यावर खरखरीत पारदर्शक फिल्म बसवून घेतली, कागदावर लिहिल्यासारखे वाटावे म्हणून. लिहिणे खरोखरच छान झाले. मात्र अशा फिल्मचा पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे पांढऱ्या पानावर बारीक रवाळ चमक दिसू लागली आणि अक्षरांच्या कडा मऊ झाल्या. ज्या अनुस्वारासाठी एवढी मोजमापे केली होती, तोच पुन्हा संशयास्पद झाला. तीन आठवड्यांनी फिल्म काढली.

दुसरा प्रकार गंभीर होता. बाईंनी एका पुस्तकाच्या दोन फर्म्यांवर, म्हणजे ३२ पानांवर, खुणा करून फाइल पाठवली. अक्षरजुळणीकाराच्या संगणकावर ती कोरी उघडली. टॅबलेटवरचा कार्यक्रम हस्तलिखित खुणा आपल्या स्वतंत्र थरात साठवत होता आणि पाठवताना त्या पानात पक्क्या करण्याचा पर्याय निवडावा लागत होता. तो निवडला गेला नव्हता. अक्षरजुळणीकाराला वाटले, बाईंना चुका सापडल्या नाहीत. पुढचे प्रूफ जुन्याच चुका घेऊन परत आले तेव्हा बाईंनी मला फोन केला, आणि त्यांच्या आवाजात राग कमी व धसका जास्त होता: “माझ्याकडून एवढं सगळं सुटलं?” त्यानंतर नियम केला की परत येणाऱ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर बाई कोपऱ्यात एक फुली काढतील. फुली दिसली नाही तर अक्षरजुळणीकार फाइल उघडीच ठेवून विचारणा करेल.

चार महिन्यांनंतरची स्थिती अशी. अनुस्वाराबद्दलचे फोन थांबले. पुनर्मुद्रणाच्या कामात बाई पूर्वीपेक्षा दिवसाला जास्त पाने उरकतात, आणि मुख्य म्हणजे सलग बसू शकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत जुळवलेल्या फाइलींत शब्द शोधता येत नाही ही अडचण तशीच आहे; तिथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी फाइलच्या पोटात भलतीच चिन्हे असतात आणि कोणत्याही वर्गातला टॅबलेट त्यावर उपाय करू शकत नाही. शेवटचे प्रूफ बाई अजूनही कागदावर मागतात. मी ते कधी नाकारले नाही. छपाईला जाणारे पान एकदा कागदावर पाहिलेले असावे, असे माझेही मत आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, कामाचे दोन प्रकार पहिल्याच दिवशी वेगळे करायला हवे होते. दीड महिन्याच्या चर्चेत बाई नव्या पुस्तकांच्या प्रुफांबद्दल बोलत होत्या आणि भाचा जणू सगळेच काम जड आहे असे धरून बोलत होता. दोघांचे वाद खरे तर वेगवेगळ्या कामांबद्दल होते. सर्वांत जड फाइल कोणती, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला असता तर उरलेले पाच आठवडे वाचले असते.

फाइल परत पाठवण्याची चाचणी आम्ही केलीच नाही, ही चूक माझी. वाचणे, उलटणे, खुणा करणे सगळे तासभर तपासले, पण केलेली खूण दुसऱ्या टोकाला दिसते का हे पाहायला पाच मिनिटे लागली असती. निर्मितीचे काम पाहणाऱ्या माणसाला हे सुचायला हवे होते.

आकाराबद्दल मात्र अजून माझे मन स्थिर नाही. खरेदीच्या वेळी तेरा इंची पडदा आम्ही वजनामुळे नाकारला, तो भाच्याच्या हातातल्या वरच्या वर्गाशी जोडूनच. मधल्या वर्गातही मोठ्या पडद्याचे टॅबलेट मिळतात, उदाहरणार्थ २०२४ पासून आयपॅड एअर तेरा इंचांतही आहे, हे माहीत असून त्या वेळी विचारात आले नाही. आता बाईंचे अर्ध्याहून अधिक काम पुनर्मुद्रणाचे असते आणि त्या ते टेबलावर, टॅबलेट स्टँडला लावून करतात. तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही आणि दुभागलेल्या तेरा इंची पडद्यावर डेमी पान चौऱ्याण्णव टक्के आकारात दिसले असते. मी हे बाईंना सांगितले. त्यांनी खुर्चीत रेलून एका हातात धरलेला टॅबलेट थोडा वर उचलून दाखवला आणि पुन्हा वाचू लागल्या.